रस्त्याच्या कडेला बसणारी ठिगळी

गाडी शिकवणाऱ्या बाई निवृत्त होऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि घरातल्या फरशा त्यांच्या उजव्या पायाला वैतागल्या होत्या. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि त्याच्याआधी आपण ब्रेक दाबायचा, ही अठ्ठावीस वर्षांची सवय. ती काय एका दिवसात जाते? वन्संनी कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवला की बाईंचा पाय खाली दाणकन आपटायचा.

"अगं, मी माणूस आहे, मोटार नाही," वन्सं करवादायच्या.

वन्सं म्हणजे बाईंची थोरली नणंद. टेलिफोन एक्स्चेंजमधली जुनी ऑपरेटर. बाईंचे यजमान गेल्यापासून दोघी एकाच घरात भांडत-तंडत, पण सुखाने राहत होत्या.

एके दिवशी बाई जुनी पांघरुणं द्यायला भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात गेल्या. पांघरुणं देऊन परत यायचं, इतकंच काम होतं. येताना मात्र बरोबर एक कुत्री आली. अंगावर पांढरे, काळे, तपकिरी तुकडे असे की कुणी उरल्यासुरल्या कापडातून शिवली असावी. निवाऱ्यात तिला ठिगळी म्हणत. मोटारीची धडक बसून ती रस्त्याच्या कडेला सापडली होती. पाय बरा झाला, भीती तशीच राहिली. दोन घरांनी तिला नेलं आणि दोन्ही घरांनी आठवड्याच्या आत परत आणून दिलं, कारण रस्ता दिसला की ती थरथरत जमिनीला चिकटायची.

"आठ आठवडे घरी ठेवायची, माणसाळवायची आणि चांगलं घर मिळालं की द्यायची," निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "जीव लावा. पण आपलीच म्हणून ठेवून घेऊ नका. तुमच्याकडे एकीचीच जागा आहे. ती अडली की पुढचीला दार बंद."

"मी हजारभर माणसं शिकवून सोडलीत," बाई म्हणाल्या. "एकालाही घरी ठेवून घेतलं नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

वन्संनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की त्या प्राण्याने त्यांच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. ठिगळीने तो हुकूम चार दिवस पाळला. पाचव्या दिवशी बाईंनी पाहिलं, तर वन्सं खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या आणि त्यांच्या चपलांवर डोकं टेकून ठिगळी घोरत होती. "हललीच नाही मेली, मग मीच पाय वर घेतले," वन्सं म्हणाल्या आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं.

बाईंनी ठिगळीला रस्ता शिकवला तो मात्र आपल्या खास पद्धतीने. घाई नाही, ओढाताण नाही, आवाज चढवणं नाही. पहिला आठवडा नुसतं दारात उभं राहून वाहनं बघायची. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत. भेदरलेल्या माणसाला वळण कसं घ्यायला लावायचं हे ज्यांना कळतं, त्यांना भेदरलेली कुत्री काय जड? सहाव्या आठवड्यात ठिगळी शेपटी उंच करून बाजारातून चालायला लागली. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी भाजीवाल्याला थांबवून ते दाखवलं.

आठव्या आठवड्यात ठिगळीला घरी न्यायला एक प्लंबर आला. दिसायला धिप्पाड, बोलायला इतका हळू की वन्संनी दोनदा "जरा मोठ्याने" म्हटलं. आई वारल्यापासून एकटाच होता. रात्री घर खायला उठतं, असं त्याने बुटांकडे बघत सांगितलं. ठिगळीने त्याच्या हाताचा वास घेतला आणि त्याच्या पायावर बूड टेकून बसली.

बाईंनी त्याला दीड पान लिहून दिलं. किती खाते, कोणतं औषध, छत्रीला घाबरते, डाव्या कानामागे खाजवलेलं आवडतं. पंधरा दिवसांची मुदत होती. जमलं नाही तर परत आणायची. ठिगळी गेली आणि घर ओकंबोकं झालं. वन्सं दोन दिवस कुणाशीच भांडल्या नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी प्लंबरचा फोन आला.

"बाई, ही चालत नाही हो," तो म्हणाला. "घरात छान असते. खाते, खेळते. पण बाहेर नेली की रस्त्याच्या कडेला बसते. आज चाळीस मिनिटं उभा होतो मी."

"थरथरते का?"

"नाही ना! उजवीकडे बघते, डावीकडे बघते, पुन्हा उजवीकडे बघते. आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहते. मला वाटतं, मी काही तिला पसंत पडलो नाही. उद्या आणून सोडू का?"

घोडं कुठे अडलंय ते बाईंना त्याच क्षणी कळलं. शिकणाऱ्याला चौकात सांगायच्या तेच त्या प्रत्येक कडेला ठिगळीला सांगत आल्या होत्या: "थांब. उजवीकडे बघ. डावीकडे. परत उजवीकडे. चल, पहिला टाक!" पहिला गिअर टाक, असं कुत्रीला! आणि ती बिचारी पाठ केलेल्या धड्यासारखी त्या शेवटच्या शब्दांची वाट बघत बसली होती. दीड पानात हे कुठेच नव्हतं, कारण आपण असं म्हणतो हे बाईंना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आपण श्वास घेतो हे कुणी लिहून देतं का?

एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. पण बाई म्हणाल्या, "बघते. कळवते तुम्हाला," आणि फोन ठेवला.

वन्संनी सगळं ऐकलं होतं. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, त्यांचे कान काय सुटीवर होते?

"काही कळवू नकोस," त्या म्हणाल्या. "येते तर येऊ दे परत. आता आपलीच म्हणून ठेवू."

"वन्सं, तो समजतोय की तो तिला आवडला नाही."

"समजू दे."

बाईंनी इस्त्री काढली. उशीचा एकच अभ्रा तीनदा केला. ठिगळी परत यावी असं त्यांना फार वाटत होतं, खोटं कशाला बोला. त्यासाठी नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी काहीच नाही. पण चाळीस मिनिटं कडेला उभा राहिलेला तो माणूस डोळ्यांपुढून हलेना. इतका वेळ उभा राहिला, पण एकदाही पट्टा ओढला नाही त्याने. बाईंनी इस्त्री बंद केली आणि बस पकडली.

प्लंबरच्या घराखाली दोघं होतेच, कडेला. ठिगळीने बाईंना पाहिलं मात्र, आणि अशी उडी मारली की बाईंचा चष्मा लांब जाऊन पडला. तोंड चाटून घेता घेताच बाईंनी सगळं सांगितलं. प्लंबरचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू उजळला.

"म्हणजे माझ्यावर राग नाही तिचा?"

"राग कसला? तुमच्या तोंडाकडे बघतेय ती, हुकमाची वाट बघत. बोला आता."

तो पुटपुटला. ठिगळीने बाईंकडे पाहिलं.

"पोटातून बोला. आणि मी इथे नाही असं समजा," बाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. तेवढं त्यांना फार जड गेलं.

"चल, पहिला टाक!" प्लंबर असा गरजला की समोरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

बाई वळल्या तेव्हा दोघं पलीकडच्या कडेला पोचले होते आणि ठिगळीची शेपटी उंच होती. प्लंबरने हात हलवला. ठिगळीने मागे पाहिलं नाही. ती त्याच्याकडे बघत पुढच्या शब्दांसाठी थांबली होती. बाई तिथेच, भर रस्त्यात, पदर तोंडाला लावून रडल्या आणि नाक पुसून बसने घरी आल्या.

वन्सं दारातच होत्या. रिकामे हात पाहून त्यांना समजायचं ते समजलं.

"दुपारी तू गेल्यावर डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "एक पिल्लू आहे, दिसत नाही म्हणे त्याला. ठेवाल का, विचारत होत्या."

"मग? काय सांगितलंत?"

"सांगितलं, जागा नाही. आमची परत येतेय."

बाईंनी फोन उचलून वन्संच्या हातात दिला. वन्संनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत नंबर फिरवला, घसा खाकरला आणि एक्स्चेंजमधला तो जुना, स्वच्छ आवाज लावला.

"हॅलो, डॉक्टरीणबाई? मघाशी मी चुकीचं सांगितलं. जागा आहे आमच्याकडे."