मान खाली घातलेली अँटेना

अंशरावांचं खरं नाव पगाराच्या पाकिटावर तेवढं उरलं होतं. घरातली तसबीर अर्धा अंश कलली तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून हे नाव पडलं. काम उपग्रहाशी बोलणाऱ्या अँटेना घडवण्याचं. तिथे अर्धा अंश चुकला की उपग्रह हातचा गेला. एवढा काटेकोर माणूस, पण वरिष्ठांना 'नाही' म्हणायची वेळ आली की दातखीळ बसायची.

वर्षानुवर्षं खपून त्यांनी एक नवी अँटेना केली. नेहमीच्या तबकडीसमोर लहरी टिपणारा कर्णा मधोमध असतो आणि त्याची सावली तबकडीवरच पडते. फार उच्च वारंवारतेच्या क्षीण लहरींना तेवढाही तोटा सोसत नाही. म्हणून अंशरावांनी कर्णा खालच्या कडेला, वाटेबाहेर नेला. झालं असं, की तबकडीची नजर असे थेट उपग्रहावर, पण बघणाऱ्याला वाटे, ती मान खाली घालून कॅन्टीनच्या भिंतीकडे पाहते आहे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मोठे साहेब तिच्यापुढे थांबले.

"ही अशी का उभी? उपग्रह काय कॅन्टीनमध्ये जेवायला आलाय?"

"साहेब, ती दिसते तिकडे बघत नाही."

"मग बघते तिकडे दिसू दे. फोटोत संस्थेची मान खाली नको. उद्या वर करा."

वर केली असती तर उपग्रह सुटला असता आणि पहिल्याच दिवशी अँटेना नापास होऊन भंगारात गेली असती.

"तुम्ही नाही म्हणालात ना?" घरी बायकोने विचारलं.

"म्हणालो. मनात."

"तुमच्या आत्याबाई आल्या की मी त्यांनी दिलेली फुलदाणी दिवाणखान्यात मांडते. त्या गेल्या की ती माळ्यावर. दाखवायचं वेगळं, वापरायचं वेगळं. इतकी वर्षं माझ्याकडून काय शिकलात?"

सकाळी अंशरावांनी गोदामातली पोचे आलेली एक जुनी तबकडी काढली, रंगवली आणि दारात आकाशाकडे तोंड करून उभी केली. नवी कॅन्टीनमागे होती तशीच राहिली. साहेब खूश झाले. पाहुण्यांनी तिची फीत कापली. पडद्यावर दूरच्या बेटावरच्या डॉक्टरीणबाई स्वच्छ दिसू लागल्या, बोलू लागल्या.

"मान ताठ असली की संपर्क होतोच," साहेब पाहुण्यांना म्हणाले. मग त्यांचं लक्ष मागे गेलं. त्यांनी अंशरावांना बाजूला घेतलं. "ती लाजाळू बया अजून तिथेच? पाहुणे जेवायला तिकडूनच जाणार. आत्ताच्या आत्ता काढा."

"काढतो, साहेब," अंशराव नम्रपणे म्हणाले. त्यांनी कॅन्टीनमागे जाऊन बोल्ट सैल केला आणि तबकडी जराशी फिरवली.

डॉक्टरीणबाई आ वासून थिजल्या. साहेब धावत दारातल्या तबकडीपाशी गेले, तिला दोन थापट्या मारल्या. काही फरक पडला नाही.

"काय झालं हो?" त्यांनी परत आलेल्या अंशरावांना विचारलं.

"काढली, साहेब."

साहेबांनी पुढच्या तबकडीकडे पाहिलं, मागचीकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे पाहिलं.

"पुन्हा लावा," ते हळूच म्हणाले.

तेव्हापासून दोन्ही जागच्या जागी आहेत. पुढचीला दरवर्षी हार पडतो, मागची काम करते.

"शेवटी नाही म्हणालात तर," बायको म्हणाली.

"छे. हो म्हणालो," अंशराव म्हणाले, आणि तिच्या मागची तसबीर सरळ करायला उठले.