कोमोच्या पाण्यात सासूबाई

इटलीतली सरोवरं बघायला जायचं, असं आम्ही जर्मनीत कार्ल्सरूहेला आल्यापासून नुसतं बोलत होतो. त्या जूनमध्ये पुण्याहून सासूबाई आल्या, नवऱ्याला उरलाउब म्हणजे हक्काची रजा मिळाली, आणि एका पहाटे आम्ही निघालोच. गाडी नवरा चालवत होता. मागे सासूबाई आणि आमची लेक. लेक जर्मनमध्ये विचारायची, आजी मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं कुठे अडत नव्हतं.

स्वित्झर्लंडमधल्या लांबलचक बोगद्यात शिरलो तेव्हा बाहेर पाऊस होता. पलीकडे बाहेर पडलो तर लख्ख ऊन. डोंगरांच्या माथ्यावर अजून बर्फ चमकत होतं. लेकीने टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर मीही.

मुक्काम कोमो सरोवराच्या काठी, वारेन्ना नावाच्या गावात होता. पिवळी, गुलाबी घरं डोंगराला बिलगून उभी, त्यांच्यामधून दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या थेट पाण्यात उतरलेल्या. सासूबाई गुडघे सांभाळत, पण भराभर उतरत होत्या. खाली गोट्यांचा छोटासा किनारा होता. लेक लगेच पाण्यात शिरली, तिच्यावर लक्ष ठेवायला मी काठाशी उभी राहिले. नवरा आइस्क्रीम आणायला गेला.

सासूबाई बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझी ती काळी लेगिंग आणि ढगळ टी-शर्ट पिशवीत आहे ना?"

पाय भिजवायचे असतील, असं मला वाटलं. कपडे बदलून आल्या आणि कमरेपर्यंत पाण्यात गेल्या. पाणी बर्फासारखं गार होतं. मी म्हटलं, "अहो आई, पुढे नका जाऊ, एकदम खोल आहे." त्यांनी मान हलवली, एक लांब श्वास घेतला आणि पाण्यात अंग झोकून दिलं.

मी घाबरून गुडघाभर पाण्यात धावले; त्यापुढे जायला मला पोहता येत नव्हतं. तोवर त्या हात मारत मारत लांब गेल्याही होत्या. डोकं वर, पाय सपासप, कुठे धडपड नाही. पिवळ्या तरंगत्या बोयाला हात लावला, उताण्या झाल्या आणि आकाशाकडे बघत तशाच पडून राहिल्या. लेक जर्मनमध्ये ओरडत होती की आजीला पोहता येतं! काठावरच्या एक इटालियन बाई हसून माझ्याकडे बघत होत्या. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

नवरा परतला तेव्हा त्याच्या हातातलं आइस्क्रीम मनगटावर ओघळत होतं, तरी तो तसाच उभा.

त्या बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "आई, तुला पोहता येतं?"

"येतं की. कऱ्हाडला विहिरीत शिकले, पाठीला भोपळा बांधून."

"कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं नाही. लग्न होऊन पुण्यात आले, दोन खोल्यांच्या घरात पोहणार कुठे?" त्या टॉवेलने केस पुसत म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. ओठ निळे पडले होते आणि चेहरा असा खुललेला मी आधी पाहिला नव्हता.

त्यानंतरचा आमचा सगळा प्रवासच बदलला. पलीकडच्या काठावरच्या बेल्लाजो गावाला जाणाऱ्या बोटीत त्या पुढच्या कठड्याशी उभ्या राहिल्या. कोमो गावातून दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने डोंगरावर गेलो, तेव्हा सगळ्यात आधी खिडकीजवळची जागा त्यांनीच धरली. वर पोचलो आणि सगळं सरोवर खाली निळंशार पसरलेलं दिसलं. आम्ही फोटो काढत होतो, त्या मात्र कुठल्या काठाला पाण्यात उतरायला सोपं जाईल ते नातीला बोट दाखवून समजावत होत्या.

परतीच्या आदल्या दिवशी त्यांनी दुकानात जाऊन स्वतः पोहण्याचा निळा पोशाख पसंत केला, बाह्या आणि लांबी नीट बघून. कार्ल्सरूहेला आल्यावर पुढचा महिनाभर आजी आणि नात दर शनिवारी ट्रामने पोहण्याच्या तलावावर जायच्या. पुण्याला परतण्याआधी सासूबाईंनी नातीला उताणं तरंगायला शिकवलं. मला शिकवायला पुढच्या वर्षी आल्या.