दत्तूमामांचा तेविसावा

मामा गेल्याचं सुमनने फोनवर सांगितलं तेव्हा मी पनवेलच्या मार्केटात भाजी घेत होते. "ताई, बाबा गेले. सकाळी चहा घेतला आणि..." तशीच रिक्षा करून मामांच्या गावी, नेऱ्याला गेले. अंगणात माणसं जमली होती आणि आकड्याची चर्चा सुरू झाली होती. एक म्हणे तेवीस, दुसरा म्हणे तीस तरी असतील. तिरडी उठायच्या आत आकडा चाळिशीला पोचला.

दत्तूमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. एकाहत्तरच्या लढाईत दुर्बीण लावलेल्या रायफलीने त्यांनी एकट्याने तेवीस शत्रू टिपले, अशी त्यांची ख्याती. माझा मात्र त्यावर कधी विश्वास बसला नाही. मी शाळेत इतिहास शिकवायचे. कागद दाखवा, मग बोला, ही सवय. मामांकडे ना पदक, ना एखादी गोष्ट. लढाईचं विचारलं की डोळे बारीक करून म्हणायचे, "तुला कोणी पाठवलं इचारायला?" संशय तर त्यांच्या रक्तातच. गॅस सिलिंडरवाल्याला फाटकाबाहेर उभा करायचे, शेजारच्या फार्महाऊसवर नवी गाडी आली की तिचा नंबर लिहून ठेवायचे. टपालवाल्याने पिशवीत हात घातला की ओरडायचे, "आधी पिशवी खाली ठेव!" आम्ही हसायचो. मला वाटायचं, खोटं उघडं पडेल म्हणून हा माणूस जगाला लांब ठेवतोय.

एका पंधरा ऑगस्टला मी त्यांना शाळेत पाहुणे म्हणून नेलं. ओळख करून देताना म्हटलं, "असं म्हणतात, की यांनी तेवीस शत्रूंना..." त्या 'असं म्हणतात'वर मी मुद्दाम जोर दिला. मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. माईकवर म्हणाले, "पोरांनो, बंदूक लांबून चांगली दिसते. अभ्यास करा." आणि खाली उतरले. मला तो खोटेपणाचा पुरावाच वाटला.

मागच्या वर्षी मामा आजारी पडले तेव्हा चिरनेरहून लक्ष्मणकाका त्यांना भेटायला आले. लढाईत ते मामांच्या शेजारी पालथे पडून दुर्बिणीतून बघायचे आणि गोळी लागली की वहीत नोंद करायचे. त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले, तेव्हा मला राहवलं नाही.

"काका, खरंच तेवीस?"

ते थांबले. "बावीस मी बघून, राजीखुशीनं लिवले, बाय. तेविसावा सायबांनी लिवायला लावला."

"म्हणजे?"

"तो हात वर करून येत व्हता. हातात कायतरी चमकलं. दत्तू म्हणाला, बॉम्ब हाय. मी म्हणालो, थांब जरा... नाय थांबला. मागनं जाऊन बघितलं तं पाण्याचा डबा."

परत येताना मी यावरही संशय घेतला. पन्नास वर्षांपूर्वीची आठवण, म्हाताऱ्याची काही जुनी असूयाही असेल... आत गेले तर मामा जागेच होते.

"काय सांगत व्हता लक्ष्मण?"

"काही नाही."

"डब्याचं सांगितलं असंल."

मी स्टूल ओढून त्यांच्या उशाशी बसले.

"खरं हाय ते," मामा म्हणाले. कोपरावर भार देऊन जरा वर सरकले. मग म्हणाले, "तू माझ्यावर इश्वास ठेवत नव्हतीस ना, बाय... मना बरं वाटायचं. निदान एक माणूस तरी व्हता, जो म्हणायचा हे झालंच नाय."

मला त्यांचा हात धरायचा होता. पण त्यांनी तो चादरीखाली ओढून घेतला.

गेल्या आठवड्यात गावातली मंडळी सुमनकडे आली. नाक्यावर मामांच्या नावाचा फलक लावायचा आहे. आकडा नक्की किती लिहायचा, ते ताई इतिहासाच्या शिक्षिका, त्याच सांगतील, असं त्यांचं म्हणणं. सुमनने माझ्याकडे पाहिलं. डब्याचं तिला ठाऊक होतं, हे मला त्या नजरेत कळलं. "माझ्याकडे कागद नाही," मी म्हटलं. "नाव लिहा. आकडा नको." मंडळी नाराज होऊन गेली. भाचीलाच मामाचं मोठेपण बघवत नाही, असं आता नाक्यावर बोलतात म्हणे. बोलू देत. हे सगळं असं लिहून छापायचं का, ते मी सुमनलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही. आकडा त्यांनी कधी सांगितला नव्हता. हे सांगितलं होतं."

मामांच्या खोलीत त्यांची वेताची खुर्ची अजून ते ठेवायचे तशीच आहे, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. सुमनने ती खिडकीकडे वळवून पाहिली. उजेड चांगला येत होता, वाचायला छान जागा झाली असती. थोडा वेळ ती बसलीसुद्धा. मग उठली, आणि खुर्ची पुन्हा होती तशी ठेवून आली.