रूपालीचा पान्हा आणि माझी सुट्टी

ऑफिसातल्या कॉफी मशीनवर ‘कृपया थांबा’ अशी अक्षरं उमटली आणि मी ढसाढसा रडले. अख्खी टीम सांभाळणारी बाई, मशीनला टेकून हुंदके देतेय! डॉक्टरांनी बर्नआउट असं निदान करून मला सक्तीच्या रजेवर पाठवलं. लॅपटॉप घरी राहिला, फोन मात्र मी पर्समध्ये टाकला. आमचं नवं सॉफ्टवेअर त्याच आठवड्यात सुरू व्हायचं होतं आणि माझ्यावाचून ते सुरू होणं शक्यच नव्हतं.

पाटसला सोलापूरचा रस्ता सोडला तशा उसाच्या ट्रॉल्या लागल्या. पुढच्या ट्रॉलीवाल्याने लावलेली गाणी बारामती येईपर्यंत मला पाठ झाली. काटेवाडीत मावसभावाच्या, म्हणजे दत्तादादाच्या दारात गाडी थांबली.

“आगं, किती वाळलीस! मशीन तुला खाती का तू मशीनला?” दादा म्हणाला.

घरात मात्र वातावरण तापलेलं होतं. सुनंदावहिनींच्या भाचीचा साखरपुडा इंदापूरजवळ, त्यांच्या माहेरी. एका रात्रीचा मुक्काम. आणि वहिनींचा पाय निघत नव्हता, कारण रूपाली. ही त्यांची काळी-पांढरी गाय. दुसऱ्या कुणाचा हात लागला की लाथ झाडते आणि पान्हा चोरते (दूध आवरून धरते). ती दावणीला आल्यापासून वहिनी माहेरी राहिलेल्याच नव्हत्या.

“माझ्याबिगर थेंब देत न्हाय, वन्सं (नणंदबाई),” त्या म्हणाल्या. तक्रारीपेक्षा त्यात तोराच जास्त होता. हा सूर कुठेतरी ऐकलाय असं वाटलं, पण कुठे ते आठवेना.

“तुझी साडी नेसून धार काढतो की,” दादा म्हणाला. “जनावर वासावर चालतंय.”

“मिशीला काय करशिला?”

“पदर घीन.”

अखेर वहिनींच्या आईचा फोन आला, ती रडली, तेव्हा कुठे वहिनी माझ्या गाडीत बसल्या. आपली रोजची हिरवी साडी त्यांनी दादाच्या हातात दिली ती लेक सासरी पाठवावी तशी. काटेवाडीची वेस ओलांडायच्या आत त्यांनी पहिला फोन लावला. “पेंड भिजवली का?”

वहिनींचं माहेर उजनीच्या पाण्याकाठी. अंगणात मांडव, चुलीवर येसराची आमटी (भाजलेल्या धान्याचं पीठ लावलेली, नाकातून पाणी काढणारी). इकडे नवरीची ओटी भरली जात होती आणि मी पाण्याच्या टाकीमागे ऑफिसचा ग्रुप बघत उभी. फोनला रेंज तेवढी तिथेच. वळले तर शेजारी वहिनी, फोन कानाला.

“तुमी सुट्टीवर हाय न्हवं?”

“आणि तुम्ही?”

एवढ्यात वहिनींची आई आली. आमच्या दोघींच्या हातातले फोन ओढून घेत म्हणाली, “ह्यो साखरपुडा हाय का टेलिफोन हापिस?” आणि दोन्ही फोन तिने थेट पिठाच्या डब्यात घातले. झाकणावर पाटा ठेवला.

संध्याकाळी आम्ही पाण्यावर गेलो. लांबवर पक्ष्यांची रांग उतरत होती. वहिनी सूर्याकडे बघून म्हणाल्या, “धारंची येळ झाली.” मीही मनातल्या मनात म्हटलं, आत्ता सॉफ्टवेअर सुरू होत असेल, सगळं कोसळलं असेल, मला शोधत असतील. पायाखाली चिखल होता, माझी चप्पल त्यात रुतून बसली आणि ती उपसताना दोघी धपकन खाली बसलो. कित्येक महिन्यांत मी इतकी हसले नव्हते. रात्री मेल्यासारखी झोपले.

सकाळी पिठातले फोन झटकले. दादाने फोटो पाठवला होता: हिरवी साडी, डोक्यावर पदर, पदराखाली मिशी आणि पुढ्यात भरलेली बादली. माझ्या फोनवर ग्रुपमध्ये फक्त टाळ्या होत्या. सगळं सुरळीत सुरू झालं होतं. मला एकही फोन नव्हता. एक तरी करायचा!

परतीच्या वाटेला लागलो. भवानीनगर मागे पडल्यावर वहिनी फुटल्या. “रूपाली भवानीनं एक तांब्या तरी चोरायचा हुता!” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तो सूर कुठे ऐकला होता ते मला तेव्हा आठवलं. तो माझाच होता.

घरी पोचताच त्या तरातरा गोठ्यात गेल्या. “इतक्यात इसरलीस व्हय गं मला?” रूपालीने त्यांचा हात चाटला. मग हिरवी साडी घडी करून वहिनींनी गोठ्यातल्या खुंटीला अडकवली. “ऱ्हाऊ दे हितंच. लागंल त्यास्नी.”

रजा संपवून मी ऑफिसला गेले. आमच्याकडे खुंटीला अडकवायला साडी नव्हती. मी जपून ठेवलेले सगळे पासवर्ड हाताखालच्या मुलीला देऊन टाकले आणि उजेडातच घरी निघाले. कुणीसुद्धा अडवलं नाही. लिफ्टमध्ये थोडं रडू आलंच. मग मी वहिनींना फोन लावला.

“बोला वन्सं,” त्या म्हणाल्या, “आता कुठं जायचं?”