आटवलेलं पाणी

सेलेस्टिनचा पहिला मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला, तो तिच्याच हातून गेला, असं उत्तनच्या त्या पाड्यात सगळे धरून चालले. तोंडावर बोलली एकटी सासू, नातालिन. आणि ती एकटीच साऱ्या पाड्याला पुरून उरणारी होती.

साल चव्वेचाळीस, लढाईचे दिवस. बाळंतपणातल्या तापाने सेलेस्टिनचं दूध गेलं. नवरा दुमिंग गोदीत कामाला. त्याने कुठूनतरी भुकटी दुधाचे डबे पैदा केले. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, पाणी नीट उकळून घे. सेलेस्टिन कामाला चोख. शेरभर पाणी अर्धा शेर होईस्तोवर आटवायची आणि मग त्यात भुकटी कालवायची. पोर ओठांशी निळं पडायला लागलं तशी ती आणखी आटवायला लागली.

विहीर घरचीच होती. वरच्या अंगाला सात-आठ पावलांवर डुकरांचं खोपट, त्याला लागून वांग्यांच्या वाडीचा खतखड्डा. पण पाणी चवीला गोड. घरात लग्न निघालं की आदल्या दिवशी वाजतगाजत ह्याच विहिरीचं पाणी आणून नवऱ्यामुलाला आंघोळ घालायची, ही चार पिढ्यांची रीत. त्या विहिरीला नावं ठेवणं म्हणजे घराण्याला नावं ठेवणं.

सत्तेचाळीस साली मुलगी झाली. दूध याही खेपेस पुरेना. तिसऱ्या आठवड्यात पोरीची नखं निळसर दिसली, तेव्हा मात्र सेलेस्टिन कुणाला विचारत बसली नाही. भाईंदरपर्यंत बैलगाडी केली आणि तिथून मुंबईचा मोठा दवाखाना गाठला.

तिथल्या तरुण डॉक्टरने पोरीच्या टाचेला सुई टोचली. रक्त आलं ते काकवीच्या रंगाचं. त्याने एक निळंशार औषध टोचलं आणि तासाभरात पोरगी गुलाबी झाली. मग त्याने विहिरीची चौकशी केली. दोन वर्षांमागे अमेरिकेतल्या एका डॉक्टरी मासिकात हे छापून आलंय, म्हणाला. खताचा सोरा, म्हणजे त्यातला क्षार, झिरपून पाण्यात उतरतो. मोठ्या माणसांना काही होत नाही. पालेभाजीतसुद्धा तो असतो, ती तो पचवतात. तान्ह्याचं रक्त मात्र त्याने नासतं, श्वास घेऊनही पोर गुदमरतं.

"आणि बाई, उकळून तो जात नाही. पाणी आटतं, सोरा तेवढाच राहतो."

"अर्धं आटवलं तर?" सेलेस्टिनने विचारलं.

"मग दुप्पट जहाल," डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

घरी येऊन तिने विहिरीचं तेवढं सांगितलं. नातालिन म्हणाली, चार पिढ्या काय समुद्राचं पाणी पिऊन वाढल्या? खतखड्डा हलला नाही, खोपटही नाही. सेलेस्टिन मुलीपुरतं पाणी शेजारच्या पाली गावच्या विहिरीवरून डोक्यावर आणू लागली. बाया तिला येता-जाता "डाक्तरीणबाई" म्हणू लागल्या.

पुढच्या वर्षी धाकट्या दिराचं, आर्थरचं लग्न झालं. थोरली सून म्हणून पहिली कळशी सेलेस्टिनच्याच डोक्यावर दिली. वर्षभरात आर्थरला मुलगा झाला. त्याच्या बायकोला दूध उदंड. पोर टुणटुणीत, दुमडीवर दुमडी. एकदा सेलेस्टिन पालीहून कळशी घेऊन आली, तेव्हा नातालिन नातवाला विहिरीच्या काठावर उभा धरून होती. भोवती चार बाया.

"हा बग. विहीर तीच हाय ना? याला काय झाला?" ती म्हणाली. "पानी वाईट न्हाय गे. हात वाईट होता."

उत्तर सेलेस्टिनच्या ओठांवर होतं. ह्या पोराच्या पोटात विहिरीचा थेंब गेलेला नाही, ते आईच्या अंगावर पितं. पण एवढं बोललं की पुढचंही बोलावं लागलं असतं, अर्धा शेर पाण्याचं. ते तिने दुमिंगलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"व्हय माय," ती म्हणाली आणि कळशी घेऊन आत गेली.