वाढत्या अंगाचं कव्हर

मिस्त्रीनं काम सोडलं आणि पहिल्याच महिन्यात स्वतःच्या घरातली सगळी दारं तासून काढली. स्वयंपाकघराचं दार जरा घासत होतं, म्हणून रंधा मारला. मग ते वरून डुगडुगायला लागलं, म्हणून पुन्हा मारला. शेवटी दाराखालून शेजारचं मांजर न वाकता ये-जा करायला लागलं, तेव्हा बायकोनं रंधा काढून घेतला आणि नवऱ्याला चपला दाखवल्या. पायात घालायला, एवढंच. म्हणाली, जुन्या पंपघरात पोरांचा क्लब निघालाय, तिथं फुकट राबणारी माणसं हवीयत, जा.

क्लब म्हणजे पंप काढून नेल्यावर उरलेली एक लांबोडकी खोली. फरशीला अजून तेलाचा वास यायचा आणि भिंतीत पाइपांची भोकं होती. आठवड्यातल्या चार संध्याकाळी ती उघडायची. किल्ली नर्सबाईंकडे, दवाखान्यातली पाळी संपली की त्या गणवेशातच यायच्या. न्हावी बुद्धिबळ शिकवायचा आणि शिकवलेल्या पोरांकडूनच हरायचा. मिस्त्रीची मेहुणी शिवणकाम करणारी. तिनं आपलं जुनं मशीन कोपऱ्यात आणून ठेवलं होतं आणि अकरा पोरंपोरी तिच्याकडे शिवण शिकायची. पंधरा-सोळा वर्षांची घोडी, पण बटण लावताना प्रत्येकाची जीभ बाहेर.

तिसऱ्या महिन्यात नर्सबाईंनी विचारलं, टेबल टेनिसचं टेबल कराल का? मिस्त्रीची छाती वीतभर फुगली.

इथं त्याच्या टेपचं सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी त्या टेपचे पहिले दहा सेंटिमीटर मोडले होते. दुसऱ्यानं नवी घेतली असती. मिस्त्रीनं टोक सरळ कापलं आणि तेव्हापासून तो दहापासून मोजत आला. शंभर हवे असले की खूण एकशे दहावर. इतकं अंगवळणी पडलेलं, की झोपेतही चुकला नसता.

पण तो जागा होता आणि भोवती तीस पोरं होती. चाळीस वर्षांत आपलं माप केसभरही हललं नाही, हे तो रंगवून सांगत होता. सांगण्याच्या भरात ते दहा मिळवायचे राहिले. टेबलाचा एक अर्धा भाग कापला, तोच दुसऱ्या फळीवर ठेवून दुसरा कापला, आणि दोन्ही शाळेच्या जुन्या बाकांच्या लोखंडी पायांवर चढवले. लांबी वीतभर कमी, रुंदी त्याच्या निम्म्यानं. सगळ्याच बाजूंनी कमी, म्हणून कुणालाच दिसलं नाही. पोरांनी खेळायला सुरुवात केली ती थांबलीच नाहीत.

पाचव्या महिन्यात मेहुणीनं टेबलासाठी कव्हर शिवलं. टेबलाची जाळी ज्या खोक्यातून आली होती, त्यावर टेबलाचं माप छापलेलं होतं, तेच घेतलं. कव्हर घातलं, तर चारी बाजूंनी झोळ. क्लबात एक डावखुरी पोरगी होती, टेबलावर सगळ्यात तरबेज आणि जिभेनंही. तिनं विचारलं, "मावशी, टेबल वाढत्या अंगाचं आहे का?"

सगळे हसले. मिस्त्री सगळ्यात मोठ्यानं. न्हाव्यानं तर मेहुणीला विचारलं, की तुमची टेप उन्हात ठेवली होती का.

त्याच आठवड्यात घरी एक खण दुरुस्त करायला मिस्त्रीनं टेप ओढली. समोर दहाचा आकडा आला आणि त्यानं खण तसाच सोडला. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी क्लबात गेला, विती टाकून टेबल मोजलं आणि स्टुलावर बसला. सांगावं, तर चाळीस वर्षांची कमाई एका फळीपायी जायची. न सांगावं, तर काय बिघडतंय? कव्हरच तर आहे.

पण बिघडत होतं. ती थट्टा क्लबातून गल्लीत गेली, गल्लीतून मेहुणीच्या गिऱ्हाइकांकडे. कपडे टाकायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, जरा अंगाबरोबर शिवा हं. तिनं नवा चष्मा केला. एकेक शर्ट तीन-तीनदा मापायला लागली. सातव्या महिन्यात मशीन हातगाडीवर घालून घरी घेऊन गेली, आणि ती अकरा पोरं सुई-दोरा घेऊन न्हाव्याच्या पटाभोवती बसायला लागली.

नवव्या महिन्यात पोरं दुसऱ्या क्लबात खेळायला गेली आणि पाचातले चार सामने मारून आली. डावखुरी सांगत होती, की त्यांचं टेबल केवढं ऐसपैस, चेंडू बाहेर जायचं नावच घेत नाही. नर्सबाईंनी सगळ्यांसमोर मिस्त्रीचं कौतुक केलं. त्याला चहा कडू लागला. मग त्याच क्लबाचं पत्र आलं. वर्ष संपताना आम्ही तुमच्याकडे खेळायला येऊ, टेबल नियमाच्या मापाचं असावं.

मिस्त्रीच्या डोक्यात आलं, जुनं टेबल ओलीनं खराब झालं म्हणावं आणि गुपचूप नवं करावं. फळ्यांचा हिशेब मांडताना बायकोनं त्याला धरलं आणि सगळं वदवून घेतलं. बहीण तिची, नवराही तिचाच.

"अहो," ती म्हणाली, "चाळीस वर्षं माप हललं नाही म्हणता. मग आता जीभ का हलत नाही?"

तो त्याच दुपारी मेहुणीकडे गेला. ती काजं करत होती. मान वर केली नाही.

"तुमची टेप घेऊन क्लबात चला," तो म्हणाला.

"माझं माप चुकतं, भावोजी. तुमचीच न्या."

"माझी दहापासून सुरू होते."

त्यानं टेप तिच्यासमोर ठेवली. तिनं ती ओढली, पहिला आकडा पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला. मग आपली टेप उचलून चपला घातल्या.

क्लबात सगळी पोरं होती. मेहुणीनं टेबलाला आपली टेप लावली आणि मोठ्यानं वाचलं, "दोनशे चोपन्न." नर्सबाईंनी पत्रात बघून सांगितलं, की दोनशे चौऱ्याहत्तर हवं.

"म्हणजे मावशीचं कव्हर बरोबर होतं?" डावखुरीनं विचारलं.

"बरोबर होतं," मिस्त्री म्हणाला. "टेबल माझं चुकलं. कव्हर आलं त्याच आठवड्यात मला कळलं होतं. गप्प बसलो."

न्हावी पटावरची प्यादी उगाचच सरळ करायला लागला.

मेहुणी म्हणाली, "मला वाटलं, माझे हात गेले." मग पदर खोचला आणि शिक्षा ठोठावली. नवं टेबल तिच्या टेपनं करायचं. मशीन मिस्त्रीनं स्वतः ढकलत परत आणायचं. आणि जुन्या टेबलाला कव्हर मिस्त्रीनंच शिवायचं, तिच्या वर्गात बसून, पोरांच्या रांगेत.

नवं टेबल झालं. मेहुणीचं कव्हर त्यावर असं बसलं, की न्हाव्यानं गुपचूप तिची माफी मागितली आणि तिनं ती चारचौघांत मोठ्यानं स्वीकारली. पाहुणे आले तेव्हा आपली पोरं तीन सामने जिंकली, दोन हरली. जुनं टेबल मोडायला पोरांनी साफ नकार दिला. आखूड टेबलावर हात आवरायची सवय लागते, मग मोठ्यावर चेंडू बाहेर जात नाही, असं डावखुरीनं नव्या पोरांना समजावलं आणि ते भिंतीलगत सरकवलं.

मिस्त्री पाच आठवडे वर्गात बसला. जीभ बाहेर काढून त्यानं काठ दुमडले, दोनदा बोटात सुई खुपसली, एकदा कव्हर स्वतःच्या सदऱ्यालाच शिवून घेतलं. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी ते टेबलावर चढवायला घेतलं, तर बोटभर कमी. चार पोरांनी चार कोपरे धरून ओढलं, तेव्हा कुठं कसंबसं बसलं.

मेहुणीनं शिवणीवरून हात फिरवला.

"असू द्या, भावोजी," ती म्हणाली. "टेबल म्हातारं झालं की आखडेलच."