उल्काताईंनी अर्ध्यावर बंद केलेला सिनेमा

सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये उल्काताईंची वीस वर्षं गेली. नवरा जयंतराव केंद्र सरकारात अनुवादक. दिल्लीतल्या मराठी मंडळींचा सिनेमा-क्लब त्यांच्याच घरी भरायचा. दर हिवाळ्यात एक जुना फ्रेंच विनोदी सिनेमा ठरलेला: समुद्रकाठच्या हॉटेलात सुट्टीला आलेला एक उंच, धांदरट माणूस आणि तो जाईल तिथे उडणारा गोंधळ. गंमत घडायच्या आधीच जयंतराव हसत सुटायचे. उल्काताई मात्र पंचवीस जणांच्या चहापोह्यांत. बाहेरचा हशा तेवढा कानावर यायचा.

शहाण्णव साली जयंतराव निवृत्त झाले आणि दोघं गुडगावच्या नव्या सोसायटीत राहायला आली. समोर मोहरीची शेतं, रस्ता कच्चा, चाळीसपैकी सात फ्लॅटांत माणसं. चार महिन्यांत जयंतरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एकच शब्द, ‘नको’. भूक लागली तरी ‘नको’, पोट भरलं तरी ‘नको’. क्लबातले लोक फोनवर “येतो, बिल्कुल येतो” म्हणायचे. कोणी आलं नाही.

लेक रुचिरानं कुठून तरी त्या सिनेमाची कॅसेट मिळवली. “आई, यात भाषा लागतच नाही. बाबांना कळेल.”

रविवारी दुपारी उल्काताई नवऱ्याशेजारी बसल्या. सिनेमा त्या पहिल्यांदाच नीट बघत होत्या. तुटक्या होडीतला तो लंबू पाहून त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. कित्येक महिन्यांनी त्या हसत होत्या. वळून पाहिलं तर जयंतराव टीव्हीकडे नाही, त्यांच्याकडेच बघत होते.

“नको,” ते म्हणाले. मग जोरात, “नको!”

त्या ओशाळल्या. “बंद करू का?”

“नको.”

उल्काताईंनी बंद केला. जयंतरावांनी डावा हात गादीवर आपटला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. बंद कर म्हणत होते, की हस म्हणत होते? पुन्हा कॅसेट लावायचा उल्काताईंना धीर झाला नाही. मार्चमध्ये दुसरा झटका आला आणि जयंतराव गेले.

तेराव्यानंतर क्लबचे सेक्रेटरी भाऊसाहेब यांचा फोन आला. “वहिनी, जयंताच्या आठवणीत तोच सिनेमा दाखवावा म्हणतो.”

“शेवटी काय होतं हो त्यात?”

“काही नाही. सुट्टी संपते, सगळे आपापल्या घरी जातात. त्या बिचाऱ्याचा निरोप घ्यायलाही फारसं कोणी थांबत नाही.”

“दाखवा,” उल्काताई म्हणाल्या. “मला बोलवू मात्र नका.”

खाली पाण्याचा टँकर आला होता. दोन बादल्या घेऊन त्या जिना उतरल्या.